पावागडची तळी एका दिवसात: बडोद्यात नव्याने आलेल्यांसाठी

बडोद्यात बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी कुणी ना कुणी सांगतंच: सेव उसळ खाऊन बघा आणि पावागडला जाऊन या. सेव उसळीत फारसं चुकण्यासारखं काही नसतं. पावागडात मात्र गफलत होते. लोक रोपवेने वर जातात, कालिकामातेचं दर्शन घेतात, त्याच रोपवेने खाली उतरतात आणि दोन-अडीच वाजता घरी येऊन ताणून देतात. दूधिया तळ्याच्या डोक्यावरून दोनदा गेलेले असतात, पण संध्याकाळी विचारलं तर म्हणतात, "तळं? कुठलं तळं?"

नात्यातल्या आणि सोसायटीतल्या नव्या मंडळींना घेऊन मी बरीच वर्षं पावागडला जातोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. देवीचं दर्शन घ्याच, पण दिवसाची आखणी तळ्यांवरून करा. सगळ्यात वरच्या तळ्यापासून सुरुवात करायची आणि पाणी उतरतं तसं खाली यायचं: दूधिया, छाशिया, तेलिया, आणि अगदी पायथ्याला वडा तळाव. दूध, ताक, तेल अशी गुजराती नावं ऐकून माझी भाची म्हणाली होती, "मामा, हा डोंगर आहे की स्वैपाकघर?" पण या क्रमाने फिरलं की डोंगर, किल्ला आणि खालचं चांपानेर हे उजाड शहर यांची संगती आपोआप लागते. आपल्या शहरातून मगरींसकट वाहणारी विश्वामित्री नदीही याच डोंगरात उगम पावते, हे बडोद्यात जन्म गेलेल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.

आधी वार ठरवा

रविवार टाळा. पौर्णिमा टाळा. चैत्रातली आणि आश्विनातली नवरात्र तर टाळाच, कारण त्या दिवसांत लाखांनी माणूस येतो, खाजगी गाड्या खालीच अडवतात आणि रोपवेची रांग जिन्यावरून खाली उतरून बाजारात येते. एका चैत्रात मी पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडून सकाळी अकराला घरून निघालो होतो. डोंगरावर रोपवे जिथून सुटतो त्या माचीला पोचेपर्यंत दीड वाजला, रांगेत सव्वादोन तास गेले, आणि वर पोचल्यावर पाहुण्यांनी तळ्याकडे पाठ करून पाण्याची बाटली तेवढी शोधली. चूक माझीच होती, त्यामुळे बोलायलाही जागा नव्हती.

तळी भरलेली पाहायची असतील तर ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ धरा. ही सगळी पावसाच्या पाण्याची साठवण आहे. मे महिन्यात गेलात तर काठच जास्त दिसेल, वर चाळिशीपार ऊन. ऐन पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, ढग अंगावरून जातात, पण दाट धुकं असलं की पाच पावलांवरचं तळंही दिसत नाही आणि पायऱ्या शेवाळलेल्या असतात. माझी पसंती नवरात्र उलटल्यापासून डिसेंबरपर्यंत, मंगळवार सोडून मधल्या वारी. मंगळवार देवीचा, त्या दिवशी गर्दी वाढतेच.

काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, आणि घट्ट बसणारे बूट. स्लिपर घालून आलेल्याला मी सरळ परत पाठवतो, मग तो जावई का असेना. खाण्याला थेपले आणि दही-मिरची, नाहीतर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. डब्यात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. कारण माकडं. पिशवी सळसळली की त्यात खाणं आहे एवढं त्यांना कळतं. गेल्या खेपेला आमच्या सुधाकाकूंच्या हातातली पिशवी एका माकडाने इतक्या सावकाश, इतक्या हक्काने घेतली, की काकूंनी आधी सोडली आणि मग ओरडल्या. स्टीलच्या डब्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सुटे पैसे ठेवा. वर मोबाइलची रेंज येते-जाते, आणि फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहिलात तर लिंबूसरबतवाल्यासमोर उभं राहून रेंजची वाट बघावी लागते.

बडोद्याहून निघताना

अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. रस्ता हालोलमार्गे, चांगला रुंद. घरून पावणेसहाला निघा, म्हणजे साडेसात-आठला माचीला असाल. स्वतःची गाडी नसेल तर रेल्वे स्टेशनाशेजारच्या एसटी डेपोतून पावागडच्या बस सुटतात. थेट बस चुकली तर हालोलची पकडा आणि तिथून पुढे जा, हालोलपासून चांपानेर सात-आठ किलोमीटरच आहे. पायथ्यापासून माचीपर्यंत घाट आहे, त्यासाठी पायथ्याला वेगळी एसटी मिळते. गर्दी नसेल त्या दिवशी आपली गाडीही माचीपर्यंत जाऊ शकते, पण घाट अरुंद आहे आणि समोरून येणारा बस-ड्रायव्हर रोजचा आहे. नवशिक्याने गाडी खालीच लावावी.

नाश्ता निघताना घरीच उरका. हालोलला थांबलात की चहा होतो, मग फाफडा होतो, मग कुणाला तरी जिलेबी आठवते, आणि अर्धा तास गेला.

गाइड घ्यायचा असेल तर

वाटाड्या घेणं वाईट नाही, विशेषतः खालचं चांपानेर पाहताना. पण पैसे ठरवण्याआधी तळ्यांची नावं एकेक करून सांगा: दूधिया, छाशिया, तेलिया, वडा. नुसतं "पावागड दाखवा" म्हणालात तर तो मंदिर दाखवेल. त्याचं चुकत नाही, शंभरातल्या नव्वद लोकांना तेच हवं असतं. किती वाजेपर्यंत बरोबर राहणार, उतरताना पायी येणार की रोपवेने, हेही आधीच बोलून घ्या. गुजराती येत नसेल तरी अडत नाही. हिंदी चालते, आणि मराठी ऐकलं की बऱ्याचदा समोरचाच विचारतो, "बडोदाथी आव्या?"

वर: दूधिया आणि छाशिया

माचीहून वर जायला दोन वाटा. एक पायऱ्यांची, दोन हजारांच्या घरातल्या पायऱ्या, चढायला दीड ते दोन तास. दुसरी रोपवे, ज्याला इथे सगळे उडनखटोला म्हणतात. 1986 पासून चालू आहे आणि पाच-सात मिनिटांत वर सोडतो. माझा सल्ला असा: जाताना रोपवे, येताना पायी. चढण्यात दम खर्च केला की तळ्याकाठी बसायचा उत्साह उरत नाही.

रांगेत उभं असताना मुलं कंटाळली तर त्यांना सांगायला एक गोष्ट आहे. हा किल्ला अठराव्या शतकात शिंद्यांच्या ताब्यात आला. 1803 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि सुर्जी अंजनगावच्या तहानंतर शिंद्यांना परत दिला. पंचमहाल मुलूख पुढे 1861 पर्यंत ग्वाल्हेरकडेच होता. म्हणजे बडोद्यात गायकवाडांचं राज्य आणि पन्नास किलोमीटरवर शिंद्यांचं. माझ्या पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग पासपोर्ट लागायचा का?"

वरच्या स्टेशनातून बाहेर पडलात की लोक उजवं-डावं न बघता पायऱ्यांकडे पळतात. आपणही आधी दर्शन उरकून घ्यावं, कारण ऊन चढतं तशी गर्दी चढते. अजून काही शे पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना चुनरी-नारळाची दुकानं. मंदिराचा नव्याने विस्तार झाला आणि 18 जून 2022 रोजी शिखरावर ध्वज चढला. तिथून खाली बघा. डोंगराच्या कुशीत पाण्याचा एक तुकडा दिसतो, तोच दूधिया. परत उतरताना तिथेच जायचं.

दूधियाच्या काठी किमान पाऊण तास काढा, अशी माझी अटच असते. पहिली दहा मिनिटं लोक फोटो काढतात. पुढची दहा मिनिटं काढलेले फोटो पाहतात. त्यानंतर कुठे बघायला लागतात. वाऱ्याची एक झुळूक येते आणि पाण्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुरकुती सरकत जाते. ती काठाला पोचेपर्यंत मंदिराचं उलटं शिखर मोडतं आणि पुन्हा हळूहळू जुळतं. वरून घंटा ऐकू येत राहते, पण लांबच्या गावातली असावी तशी. एकदा एक आजी काठावर बसून पितळी तांब्यात पाणी घेत होत्या, नातवाला म्हणाल्या, "हात बुडव, पाय नको." नियम म्हणून एवढं पुरे आहे. काठ निसरडे आहेत, खोलीचा अंदाज येत नाही. पाण्यात उतरायचं नाही, पोहणाऱ्यानेही नाही.

काठावरच्या दगडाकडेही बघा. आपल्याकडचा दगड म्हणजे काळा, सह्याद्रीतला बेसाल्ट, असा मराठी माणसाचा समज असतो. पावागडच्या खालच्या अंगाला तो आहेही. पण वर पोचता पोचता दगडाचा रंग फिका, कुठे तांबूस होतो. हा रायोलाइट, ज्वालामुखीचाच, पण घडण वेगळी; बेसाल्टच्या थरांवर हा असा चढलेला दख्खनच्या पठारात फार थोड्या जागी सापडतो. माचीहून एक खडा खिशात टाकून आणा आणि इथल्या खड्याशेजारी ठेवा. मुलांना हे देवळापेक्षा जास्त लक्षात राहतं. (मग दोन्ही खडे तिथेच ठेवा, घरी आणायचे नाहीत.)

छाशिया लहान आहे, शांत आहे, आणि तिथे बहुतेक कुणी नसतं. मला चारीमध्ये हेच सगळ्यात आवडतं. जवळच लकुलीशाचं मोडकं देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं, या साऱ्या परिसरातल्या सगळ्यात जुन्या वास्तूंपैकी एक. लकुलीश हा पाशुपत शैवांचा आचार्य, परंपरेनं त्याचं स्थान आपल्या डभोईजवळचं कायावरोहण. शिखर पडलेलं आहे, पण भिंतींवरच्या मूर्ती नीट पाहण्यासारख्या आहेत. आसपास जुनी जैन मंदिरंही आहेत. डबे इथे उघडा, दूधियावर नको. इथे सावली मिळते आणि माकडांचा बाजार कमी.

जेवताना कुणीतरी विचारतंच की एवढ्या उंचावर तळी कशाला. त्याचं उत्तर वेढ्यात आहे. 1483 ते 1484 मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा हा किल्ला घ्यायला बसला. वर खीची चौहान राजपुतांचं राज्य होतं. राजा जयसिंह, लोककथांतला पताई रावळ. किल्ला दीड वर्षाहून जास्त टिकला. तेवढा काळ वर माणसं होती, घोडी होती, आणि खाली उतरून पाणी आणायची सोय नव्हती. शिवरायांच्या गडांवरची टाकी पाहिलेल्याला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. पताई रावळाची दंतकथा वेगळीच आहे: नवरात्रात देवी स्वतः बाईच्या रूपात गरब्यात आली, राजाने तिचा पदर धरला, आणि तिच्या शापाने राज्य गेलं. ही कथा गुजरातीत गरब्यातूनच गातात. गाइड ती सांगणारच, मध्ये तोडू नका.

उतरताना: तेलिया

साडेअकरा-बाराच्या सुमारास पायी उतरायला लागा. तास-सव्वा तास लागतो. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात, तेव्हा साठी ओलांडलेल्यांनी परतीचंही रोपवेचं तिकीट सकाळीच काढून ठेवावं आणि माचीत भेटावं. वाटेत जुने दरवाजे, पडके कोठार, तटाचे तुकडे लागतात. काठी विकत मिळते, ती घ्या, लाजू नका. सुधाकाकूंनी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, नंतर ती काठी घरी नेली आणि आता कपडे वाळत घालायला वापरतात.

तेलिया माचीजवळ आहे. खरं सांगायचं तर वरच्या दोघांनंतर तो थोडा उतरल्यासारखा वाटतो. बाजार जवळ, आवाज जवळ, आणि काठावर लोकांनी टाकलेलं बरंच काही. पाऊस संपता संपता गेलात तर छान दिसतो, नाहीतर दहा मिनिटं पुरेत. तिथे लिंबूसोडा प्या आणि घाटाची बस धरा.

घाटात सात कमान लागते. एकामागून एक उभ्या दगडी कमानी, त्यांच्यापलीकडे खालचा सगळा सपाट मुलूख. बसमधून डाव्या-उजव्या खिडकीतून झटकन दिसतात आणि जातात. स्वतःची गाडी असेल आणि जागा सुरक्षित असेल तरच थांबा.

खाली: चांपानेर आणि वडा तळाव

किल्ला घेतल्यावर बेगड्याने पायथ्याला राजधानी वसवली, नाव मुहम्मदाबाद. 1535 मध्ये हुमायूनने ती जिंकली आणि पुढे दरबार परत अहमदाबादला गेला. जेमतेम पन्नास वर्षांचं शहर. नंतर जंगल वाढलं, त्यामुळे इमारती होत्या तशा राहिल्या, आणि 2004 मध्ये चांपानेर-पावागड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

दुपारच्या उन्हात सगळ्या मशिदी बघायला जाऊ नका. पाय उरलेले नसतात. जामा मशीद मात्र सोडायची नाही. आत खांबांचं दाट रान आहे, 172 खांब, आणि बाहेर कितीही ऊन असो, फरशी गार लागते. इथेही पाण्याचा धागा धरायचाच असेल तर बाहेरचा अष्टकोनी हौद बघा. वर गडावर पावसाचं पाणी अडवलं, खाली विहिरी, हौद आणि तलाव बांधले. असं शहर पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय वसत नाही. हालोलकडच्या रस्त्यालगत एक चक्राकार वाव आहे, तिच्या पायऱ्या विहिरीच्या भिंतीला लगटून गोल गोल उतरतात. परतीच्या वाटेवर आहे, गाडी असेल तर पाच मिनिटं थांबा. कठड्यावरून वाकू नका, आणि मुलांचा हात धरा.

साडेचार-पाचला वडा तळावावर या. दिवसभर डोक्यावर असलेला पावागड इथून पहिल्यांदा अख्खा दिसतो, आणि सकाळी आपण नेमके कुठे होतो ते बोटाने दाखवता येतं. काठावर खजुरी मशिदीचे अवशेष आहेत, कबुतरखाना म्हणतात ती वास्तू आहे. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरतात; दुर्बीण असेल तर आजच आणा. मागे एकदा इथे बसलो असताना सुधाकाकू म्हणाल्या, "तळंच बघायचं होतं तर सुरसागर काय वाईट होता? रिक्षाने पंधरा मिनिटं." त्या वेळी सूर्य मावळतीला लागला होता. पाच मिनिटांनी पाहिलं तर काकूंनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि निघायचं नाव घेत नव्हत्या.

अंधार पडायच्या आत निघा. एसटीवर अवलंबून असाल तर सकाळीच कंडक्टरला शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा, ती हुकली तर हालोलपर्यंत शेअर रिक्षा शोधत बसावं लागतं.

रोपवे बंद असेल तर

वारा जोराचा असला किंवा देखभालीचं काम निघालं की रोपवे बंद ठेवतात, आणि हे बऱ्याचदा माचीला पोचल्यावर कळतं. त्या वेळी हट्टाने दोन हजार पायऱ्या चढायला निघू नका, निदान लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असताना नाही. क्रम उलटा करा. तेलिया पाहून घाट उतरा, जामा मशीद सकाळच्या गारव्यात बघा (त्या वेळी ती दुपारपेक्षा कितीतरी छान दिसते), डबा वडा तळावाच्या काठी खा. वेळ उरला आणि गाडी असली तर जांबुघोड्याच्या अभयारण्याकडे वळा, रस्ता जंगलातून जातो. दूधिया आणि छाशिया पुढच्या खेपेला. त्या खेपेला मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी रोपवे चालू आहे ना, हे कुणाला तरी फोन करून विचारून घ्या.